बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी छोटी लक्झरी सेडान लीजवर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. आमच्या घरी आजवर तीन गाड्या लीजवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी भाड्याने, आल्या, त्यांतल्या दोन माझ्यासाठी. पहिली नवऱ्याने मला न विचारता आणली, दुसरी मी स्वतः चालवून, मोजून, भाव करून घेतली. तेव्हापासून दसरा जवळ आला की ओळखीतल्या मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. आकडे अमेरिकेतले आहेत आणि कर मुख्यतः न्यू जर्सीचे. दुसऱ्या राज्यात मोठा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

पाडव्याला बायकोला सरप्राइज गाडी द्यायची आहे. कोणती घेऊ?

गाडी द्या, पण निवड तिला करू द्या. माझ्या नवऱ्याने दिवाळी पाडव्याला ओवाळणी म्हणून गाडीची किल्ली तबकात ठेवली, तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. गाडी देखणी होती, छत मागे उतरत गेलेलं, दारांना चौकट नाही. मुलगी तेव्हा सात महिन्यांची. तिची मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागे की शेजारी बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकत. तिला आत ठेवताना माझं डोकं रोज छताच्या कडेला लागायचं. ३६ महिने मी ती गाडी चालवली, कारण लीज मध्येच मोडणं परवडण्यासारखं नव्हतं. गाडीत दोष काहीच नव्हता. ती माझ्या दिवसाला साजेशी नव्हती, एवढंच.

शिवाय लीज दोघांच्या नावावर करायची तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे खरं सरप्राइज द्यायचं तर लीज एकट्याच्या नावावर, आणि ते का टाळावं हे पुढे येईलच. पाडव्याला तबकात तीन गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्हच्या वेळा लिहिलेला कागद ठेवा. त्याचाही आनंद होतो, मी माझ्या मैत्रिणीच्या घरी पाहिला आहे.

छोटी लक्झरी सेडान म्हणजे नेमक्या कोणत्या गाड्या?

डीलरकडे या नावाखाली दोन वेगळे गट एकत्र दाखवतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. धाकट्या गटात ऑडी ए३, मर्सिडीज सीएलए, बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रान कूपे आणि अॅक्युरा इंटिग्रा. या चौघी मुळात पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सांगाड्यावर बांधलेल्या आहेत, मग त्यावर ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) चढवलेली असो वा नसो. थोरल्या गटात बीएमडब्ल्यू ३ सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, लेक्सस आयएस आणि जेनेसिस जी७०, ज्यांचा पाया मागच्या चाकांचा आहे. पाया पुढच्या चाकांचा असला तरी ऑडी ए४ याच गटात धरली जाई, आता तिची जागा ए५ने घेतली आहे. व्होल्वो एस६०चं अमेरिकेतलं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं.

दोन्ही गटांत किमतीचा फरक स्टिकरवर, म्हणजे कंपनीच्या छापील किमतीत, मोठा दिसतो. लीजच्या मंथलीत, म्हणजे महिन्याच्या हप्त्यात, तो बऱ्याचदा तेवढा राहत नाही. म्हणून धाकटी गाडी पक्की करण्याआधी थोरलीचाही भाव मागवा.

मग निवडायची कशी?

डीलरने ठरवलेला दहा मिनिटांचा फेरा पुरत नाही. जी व्यक्ती रोज चालवणार आहे तिने गाडी आपल्या नेहमीच्या दिवसातून फिरवून पाहावी. बरेच डीलर एक-दोन तास गाडी देतात, फक्त स्पष्ट मागावी लागते.

मी दुसऱ्या वेळी असं केलं. आधी मुलीची सीट बरोबर नेली आणि डीलरच्या अंगणातच ती प्रत्येक गाडीत बसवून पाहिली. सेल्समन थोडा वैतागला, पण दोन गाड्या तिथेच बाद झाल्या. मग घरी येऊन गॅरेजमध्ये गाडी घातली. आमचं टाउनहाउसचं गॅरेज एका गाडीचं, त्यात दार उघडून सीटमधून बाळ काढायला जागा उरते का, हे गाडी आत नेल्याशिवाय कळत नाही. ड्राइव्हवेचा उतार तीव्र असेल तर गाडीचं नाक घासतं का तेही पाहा. त्यानंतर ओक ट्री रोडला नेली, शनिवारच्या गर्दीत समांतर पार्किंग केलं. मागची काच किती अरुंद आहे आणि कॅमेरा किती स्पष्ट आहे, हे तिथे दोन मिनिटांत समजतं.

आणि आई-बाबा. आपल्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी कुणाचे तरी आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बुटक्या सेडानच्या मागच्या सीटवर बसणं म्हणजे त्यांच्यासाठी पाटावर बसून उठण्यासारखं आहे, आणि नऊवारी नसली तरी साधी पाचवारी नेसून ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिराला जाताना आत-बाहेर करणं त्याहून कठीण. त्या तेव्हा इथेच होत्या, म्हणून मी त्यांनाच डीलरकडे नेलं. त्यांनी पाच गाड्यांमध्ये बसून पाहिलं आणि एका गाडीबद्दल म्हणाल्या, "हिच्यात मला हात धरावा लागणार नाही." माझ्या यादीत ती गाडी तिसरी होती. पहिली झाली.

मागच्या सीटची जागा आकड्यांत सांगता येईल का?

येते, आणि फरक मोठा आहे. मागे पाय ठेवायची जागा लेक्सस आयएसमध्ये ३२.२ इंच, २०२० ते २०२५च्या सीएलएमध्ये ३३.९, बीएमडब्ल्यू ३ सिरीजमध्ये ३५.२ आणि इंटिग्रामध्ये ३७.४ इंच. म्हणजे गट धाकटा असूनही इंटिग्रात मागे सगळ्यांत ऐसपैस बसता येतं. पण छताची उंची आणि दाराचा आकार या आकड्यात येत नाही, म्हणून माणूस बसवूनच पाहा.

प्रत्येक गाडीबद्दल तुमचं स्वतःचं मत काय?

इंटिग्रा ही घरात लहान मूल असलेल्या माणसासाठी या सगळ्यांत शहाणी निवड वाटते. १.५ लिटरचं टर्बो इंजिन, २०० अश्वशक्ती. मागचं दार काचेसकट वर उचललं जातं, त्यामुळे स्ट्रोलर न दुमडताही कधी कधी आत जातो. २०२३च्या मॉडेलपासून हे नाव अमेरिकेत परत आलं, गाडी ओहायोतल्या मेरिसव्हिलला बनते. उणीव एवढीच की ऑल-व्हील ड्राइव्ह मिळत नाही आणि आतून ती जर्मन गाड्यांइतकी श्रीमंत वाटत नाही. ज्याला तो थाट हवा आहे त्याला ही गाडी देऊन "समजूतदारपणा" शिकवू नका, तीन वर्षं ते मनात राहतं.

सीएलए नेमकी उलटी. २०१३ मध्ये ती अमेरिकेत आली तेव्हा २९,९०० डॉलरपासून मर्सिडीज, हीच तिची ओळख होती. आतले स्क्रीन, रात्रीचे दिवे, दाराचा आवाज यांनी माणूस पहिल्या पाच मिनिटांत जिंकला जातो. एकट्याने किंवा दोघांनी फिरायची गाडी असेल तर आनंदाने घ्या. मागे रोज कुणी बसणार असेल तर मी सी-क्लासचा भाव विचारीन.

ऑडी ए३ शांत स्वभावाची आहे. आतली मांडणी नेटकी, बटणं जागच्या जागी, शहरात वळवायला सोपी. मोठ्या गाडीची भीती असलेल्या नव्या ड्रायव्हरला ती लवकर आपलीशी होते. २ सिरीज ग्रान कूपे चालवायला चपळ, पण मला तिच्यात आणि ३ सिरीजमध्ये निवड करायची असेल तर मी प्रत्येक वेळी ३ सिरीजकडे जाईन. ३३०आयचं स्टिअरिंग, सीटची बैठक आणि हायवेवरची स्थिरता ही वेगळ्याच दर्जाची आहे, २५५ अश्वशक्ती रोजच्या वापराला भरपूर होते, आणि पहिली ३ वर्षं किंवा ३६,००० मैल ठरलेली देखभाल कंपनी करते. लीजची मुदत तेवढीच असते, त्यामुळे हा खर्च जवळपास शून्य.

जेनेसिस जी७०कडे आपली मंडळी नाव ऐकलं नाही म्हणून पाठ फिरवतात. २०२४पासून तिचं साधं इंजिनसुद्धा ३०० अश्वशक्तीचं आहे, हमी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, आणि ३ वर्षांची देखभाल मोफत. मागची जागा मात्र अरुंद आहे, आणि शोरूम सगळीकडे नाहीत. लीज घेण्याआधी सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे ते नकाशावर पाहा. लेक्सस आयएस मी लीजवर घ्यायला सांगत नाही. ती दहा-बारा वर्षं ठेवायची गाडी आहे. तिचा विश्वासूपणा तीन वर्षांत वापरलाच जात नाही.

बर्फासाठी ऑल-व्हील ड्राइव्ह हवीच का?

न्यू जर्सीत सोय म्हणून बरी, पण थांबवण्याचं काम टायर करतात, ड्राइव्ह नाही. पुढच्या चाकांची गाडी आणि चांगले हिवाळी टायर हे मिळून साध्या ऑल-सीझन टायरवरच्या ऑल-व्हीलपेक्षा बर्फात सुरक्षित थांबतात. जी व्यक्ती हिमवादळात घरून काम करू शकते तिने यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. पहाटे सहाच्या पाळीला हॉस्पिटलात पोचावं लागणाऱ्या नर्स किंवा डॉक्टरने मोजावेत, आणि हिवाळी टायरही घ्यावेत.

१९ इंची चाकं टाळा. दिसतात छान, पण मार्चमधले खड्डे बारीक टायर फाडतात, रिम वाकवतात, आणि त्याचा खर्च लीजवरही आपलाच असतो.

गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, खर्च किती वाढतो?

बहुतेक जर्मन गाड्यांना प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल, घालायला सांगतात. इंटिग्राला कंपनी प्रीमियमची शिफारस करते, सक्ती नाही. न्यू जर्सीत १९४९पासून गॅस स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे भरणाऱ्या माणसाला "प्रीमियम" असं स्पष्ट सांगायची सवय लावून घ्या. नव्याने चालवायला लागलेल्या माणसाला हे आधी सांगून ठेवावं.

मंथलीचा आकडा येतो कुठून?

इथे जरा थांबून कागद-पेन्सिल घ्या. गणित सोपं आहे आणि एकदा हाताने केलं की डीलरसमोर घाबरायला होत नाही.

समजा स्टिकर ४५,००० डॉलर. भाव करून तुम्ही ४२,५०० वर आणलात. कंपनी म्हणते, ३६ महिन्यांनी गाडीची किंमत स्टिकरच्या ५८ टक्के धरू, म्हणजे २६,१००. हा रेसिड्युअल. मधला फरक १६,४००, तो ३६ने भागला की ४५५.५६. ही गाडीची झीज. दुसरा भाग व्याजाचा. त्याला मनी फॅक्टर म्हणतात आणि तो ०.००२५ असा काहीतरी बारीक लिहिलेला असतो. त्याला २४००ने गुणा, नेहमीचा व्याजदर कळतो: ६ टक्के. महिन्याचं व्याज काढायला ४२,५०० आणि २६,१०० यांची बेरीज करून मनी फॅक्टरने गुणायचं: १७१.५०. दोन्ही मिळून ६२७.०६ डॉलर, करापूर्वी.

बेरजेने व्याज का, असं सगळे विचारतात. सुरुवातीला कंपनीचे ४२,५०० अडकलेले असतात, शेवटी २६,१००. दोहोंची सरासरी धरून व्याज लावतात, आणि ते दोनने भागणं त्या २४००मध्ये आधीच मिसळलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. मनी फॅक्टर डीलरला वाढवता येतो. ०.००२५चा ०.००२९ केला तर मंथली २७.४४ने वाढते, ३६ महिन्यांत जवळपास ९८८ डॉलर. दिसायला दशांशानंतरचा चौथा आकडा बदलला. म्हणून दोनच प्रश्न विचारा: कंपनीने मंजूर केलेला मूळ मनी फॅक्टर किती, आणि तुम्ही लावलेला किती. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठा. मी एकदा उठले आहे, दुसऱ्या गावच्या डीलरने तीच गाडी मूळ दराने दिली.

स्वस्त गाडीची मंथली जास्त कशी येते?

रेसिड्युअलमुळे. दुसरी गाडी घ्या: स्टिकर ४२,०००, भाव ४०,५००, पण रेसिड्युअल ५० टक्के, म्हणजे २१,०००. त्याच मनी फॅक्टरने मंथली येते ६९५.४२. गाडी तीन हजारांनी स्वस्त आणि महिन्याला ६८ डॉलर महाग. लीजवर आपण गाडीची किंमत देत नाही, तिची घसरण देतो. म्हणून "त्याने बीएमडब्ल्यू घेतली, पैसा जास्त झालाय" असं कुणाबद्दल म्हणण्याआधी हे गणित आठवा.

रेसिड्युअलवर घासाघीस होत नाही, तो कंपनी ठरवते आणि महिन्या-महिन्याला बदलते. घासाघीस गाडीच्या भावावर करायची, अगदी विकत घेत असल्यासारखी. "महिन्याला किती बसवू?" हा डीलरचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर देऊ नका.

जाहिरातीत ३९९ महिना दिसतो. तो खरा असतो का?

खाली बारीक अक्षरांत सही करताना ४,९९९ द्यायचे असं असतं. त्यात पहिला महिना धरलेला असेल तर उरलेले ३५ महिने गुणिले ३९९ म्हणजे १३,९६५, अधिक ४,९९९, एकूण १८,९६४. ३६ने भागा: जवळपास ५२७. कर वेगळा. प्रत्येक गाडीचा असा एकच आकडा काढा आणि तेच आकडे एकमेकांशेजारी ठेवा. १९७६च्या ग्राहक लीज कायद्यामुळे एकूण द्यायची रक्कम, रेसिड्युअल आणि मुदतीआधी मोडण्याच्या अटी करारात लिहाव्याच लागतात. सहीआधी तो कागद घरी आणून दोघांनी वाचा. सही झाल्यावर तीन दिवसांत गाडी परत करता येते हा समज चुकीचा आहे.

डाउन पेमेंट किती द्यावं?

शक्य तितकं कमी. लीजवर मोठं डाउन देऊन फक्त मंथलीचा आकडा गोड होतो. आमच्या ओळखीत एका जोडप्याने ४,००० डॉलर डाउन दिलं आणि दुसऱ्या महिन्यात चौकात कुणी लाल दिवा तोडून त्यांच्या गाडीवर आलं. माणसं सुखरूप, गाडी टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली. विम्याने पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला दिले. विम्याचे पैसे आणि लीजची बाकी यांतला फरक गॅप संरक्षणाने भरला. यांचे ४,००० मात्र गेले ते गेलेच. लक्झरी कंपन्यांच्या लीजमध्ये गॅप बहुधा धरलेलं असतं, तरी करारात शोधून बोट ठेवा, आणि डीलर तेच पुन्हा वेगळं विकत असेल तर नको म्हणा.

कर आणि फी?

न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. तो सगळ्या हप्त्यांच्या बेरजेवर सुरुवातीलाच देय होतो, डीलर हवा तर मंथलीत मिसळतो. वरच्या ६२७.०६च्या उदाहरणात तो सुमारे १,४९५ डॉलर येतो. कॅलिफोर्नियात दर महिन्याच्या हप्त्यावर लागतो. टेक्सासात, म्हणजे फ्रिस्को-प्लेनोच्या आपल्या मंडळींना, गाडीच्या पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के: ४२,५००वर २,६५६. व्हर्जिनियातही पूर्ण किमतीवरच. म्हणून न्यू जर्सीतल्या मित्राची मंथली ऐकून डॅलसला भांडू नका.

कागदपत्रांच्या फीला न्यूयॉर्कमध्ये १७५ आणि कॅलिफोर्नियात ८५ डॉलरची मर्यादा आहे. न्यू जर्सीत मर्यादा नाही, त्यामुळे ती आधी विचारा आणि तेवढा भाव कमी करून मागा.

किती मैल घ्यावेत?

अंदाज नको, मोजा. एडिसनहून प्रिन्स्टनकडे कामाला जाणारं कुणी धरा: १८ मैल जाणं, १८ येणं, वर्षात २३० दिवस म्हणजे ८,२८०. शनिवार-रविवारी मराठी शाळा, किराणा, मंदिर, मित्रांकडे जेवण मिळून आठवड्याला ६० मैल, म्हणजे ३,१२०. झाले ११,४००. पाहुण्यांना नायगारा दाखवायला नेलं की आणखी ८००. म्हणजे १२,०००ची लीज काठावर आहे. लांबचा प्रवास घरातल्या दुसऱ्या गाडीने करायचा ठरला तर पुरते.

जास्तीचा मैल लक्झरी गाड्यांना साधारण २५ सेंटचा. तीन वर्षांत ३,००० मैल जास्त झाले तर ७५०. उलट १५,०००ची लीज घेतली की रेसिड्युअल खाली येतो. वरच्या उदाहरणात दर एक टक्क्याला मंथली सुमारे ११ डॉलरनी वाढते. न वापरलेल्या मैलांचे पैसे परत मिळत नाहीत.

लीज कुणाच्या नावावर करावी? बायको नुकतीच भारतातून आली आहे, क्रेडिट (कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद) काहीच नाही.

दोघांच्या. तिचं क्रेडिट नसलं तरी तुमचं चांगलं असेल तर अर्ज बहुधा मंजूर होतो, आणि दर महिन्याचा वेळेवर गेलेला हप्ता तिच्याही क्रेडिटच्या नोंदीत जमा होत जातो. तीन वर्षांनी ती स्वतःच्या नावावर काहीही घेऊ शकते. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, आलेल्या अनेकजणींच्या नावावर इथे पहिली काही वर्षं काहीच नसतं. विजेचं बिल नाही, फोन नाही, घर नाही. तिच्या रोजच्या गाडीच्या कागदावर तरी तिचं नाव असावं असं मला फार वाटतं.

विम्यात तिचं नाव मुख्य चालक म्हणून घाला. लीज कंपन्या साधारण १००/३००/५० इतका विमा मागतात (हजार डॉलरमध्ये: एका माणसाच्या इजेला, एका अपघातातल्या सगळ्या इजांना आणि मालमत्तेच्या नुकसानीला). न्यू जर्सीची किमान सक्ती त्याहून बरीच कमी आहे, त्यामुळे तुमचा आताचा विमा पुरेलच असं नाही. नव्या चालकासह विम्याचा भाव सहीच्या आधी काढा. मी पाहिलंय, दोन गाड्यांमधला मंथलीचा फरक विम्याने कधी कधी उलटा करून टाकला आहे.

व्हिसा दोन वर्षांत संपतोय. किंवा पुढच्या वर्षी भारतात परतायचा विचार आहे. तरी लीज घ्यावी का?

व्हिसा वाढेल अशी नेहमीची परिस्थिती असेल तर घ्या, पण काही वित्तसंस्था लीजची मुदत मुक्कामाच्या परवानगीपुरतीच देतात. ते आधी विचारा. लायसन्सची मुदतही त्याच तारखेला बांधलेली असते, तेव्हा दोन्हीची नोंद एकत्र ठेवा.

परतायचं जवळपास ठरलं असेल तर नवी लीज नको. मध्येच मोडली तर उरलेले हप्ते आणि दंड अंगावर येतात. दुसऱ्याला लीज सोपवण्याची सोय काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. २०२१नंतर अनेकांनी बाहेरच्या डीलरला लीजची गाडी विकायलाही मनाई केली. परतण्याच्या घाईत, घर आवरताना, शाळेचे दाखले गोळा करताना हे आणखी एक ओझं कशाला. तशा वेळी जुनी, रोख घेतलेली टोयोटा-होंडा घ्या. जाताना एका आठवड्यात विकली जाते.

इलेक्ट्रिक घेऊ का?

लीजवर मिळणारी ७,५०० डॉलरची केंद्रीय सवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. न्यू जर्सीची विक्रीकराची माफीही जुलै २०२५पासून नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला २५० डॉलरची वेगळी नोंदणी फी २०२४ मध्ये सुरू झाली, ती दर वर्षी १० डॉलरनी वाढते. जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. घरी चार्जर बसवता येत असेल तर बीएमडब्ल्यू आय४ आणि २०२६ची नवी इलेक्ट्रिक सीएलए चालवून पाहण्यासारख्या आहेत. तंत्र झपाट्याने बदलतंय तिथे विकत घेण्यापेक्षा लीज बरी, असं माझं मत आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सध्या थांबा.

लीजपेक्षा विकत घेणं चांगलं नाही का?

सात-आठ वर्षं तीच गाडी ठेवणारे असाल तर हो. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीजची हमी ४ वर्षं किंवा ५०,००० मैल. लीज त्याच्या आत संपते, म्हणून जर्मन गाडी लीजवर आणि जपानी गाडी विकत, हा आमच्या घरचा नियम. २०२५ ते २०२८ या वर्षांत अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, करातून वजा करता येतं. लीजला ते लागू नाही, आणि पती-पत्नीचं मिळून उत्पन्न दोन लाखांच्या वर गेलं की सवलत कमी होत जाते. या यादीत इंटिग्राला तो फायदा मिळू शकतो.

गाडी परत करताना काय काय पाहतात?

ओरखडे, पोचे, काचेवरची चीर, टायर. टायरवर किमान १/८ इंच खाच बहुतेक कंपन्या मागतात. कायद्याला त्याच्या निम्मी चालते, त्यामुळे "अजून चालतील की" म्हणून थांबलेली माणसं इथे फसतात. मुदत संपायच्या एक-दोन महिने आधी कंपनीचा तपासनीस घरी बोलावून घ्या, तो यादी देतो. मग छोटे पोचे बाहेर स्वस्तात काढून घेता येतात. परतीची फी साधारण ३५० ते ६०० डॉलर, त्याच कंपनीची पुढची गाडी घेतली तर ती बऱ्याचदा माफ करतात.

मागच्या सीटवरचे चुरमुरे, सीटच्या फटीतले क्रेयॉन आणि आरशाला बांधलेली लिंबू-मिरचीची दोरी आदल्या रात्रीच काढा. आणि दुसरी किल्ली शोधून ठेवा. आमची देवघराच्या खणात, कुंकवाच्या डबीमागे सापडली, पाडव्याला ओवाळल्यानंतर मी ती जिथे ठेवली होती तिथेच.